थांबा, आधी अंदाज लिहा: विज्ञानाचे व्हिडिओ पाहण्याची एक पद्धत

चेंडू सरळ वर फेकलाय. हातातून सुटलाय, पण अजून वरच चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं काम करताहेत? हवेचा विरोध तेवढा धरू नका.

पुढे वाचण्याआधी उत्तर लिहून टाका. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलंत तरी चालेल.

बहुतेक मोठी माणसं दोन बलं लिहितात. गुरुत्वाकर्षण चेंडूला खाली ओढतंय आणि हाताने दिलेलं बल त्याला वर नेतंय. ते बल हळूहळू संपलं की चेंडू खाली येतो. मीही अगदी हेच लिहिलं होतं. खरं तर बल एकच आहे, गुरुत्वाकर्षण. हात सुटला त्याच क्षणी हाताचं बल संपलं. चेंडूकडे आता वेग आहे, आणि गुरुत्वाकर्षण तो वेग कमी करत नेतंय, एवढंच.

या चेंडूवर ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात एक पीएचडी उभी आहे. डेरेक मुलर यांनी २००८ साली ती पूर्ण केली. भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत, हा त्यांचा विषय. विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यांनी सुटसुटीत, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला. मुलं म्हणाली, छान कळलं, सोपं होतं. चाचणीत मात्र सरासरी २६ पैकी ६.० वरून जेमतेम ६.३ वर गेली. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी ती नेहमीची चुकीची समजूतच कुणाच्या तरी तोंडून मांडली होती आणि मग ती का टिकत नाही हे दाखवलं होतं. हा व्हिडिओ मुलांना गोंधळाचा वाटला. गुण मात्र ११ पर्यंत गेले. पुढे २०११ पासून मुलर यांनी 'व्हेरिटॅसियम' हे यूट्यूब चॅनेल चालवलं आणि ते जगभर पोचलं.

हे कळलं तेव्हा मला माझ्याच सवयीचं कोडं सुटलं. मी दहावीनंतर कॉमर्सला गेले, बँकेत नोकरीला लागले, आणि चाळिशीत रात्री जेवणं आटोपल्यावर कृष्णविवरांपासून घड्याळांपर्यंत सगळं पाहू लागले. प्रत्येक व्हिडिओ संपताना समजल्याचं समाधान व्हायचं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मैत्रिणीला सांगायला घेतलं की तिसऱ्या वाक्यालाच अडायचे. डोक्यात आधीच एक उत्तर बसलेलं असतं. ते जागेवर असताना खरं उत्तर नुसतं कानावरून जातं, आणि आपल्याला वाटतं की हे तर आपल्याला ठाऊकच होतं.

म्हणून खालची पद्धत. गेली काही वर्षं चिंचवडच्या आमच्या सोसायटीत दर शुक्रवारी रात्री आम्ही चार-पाच जण ती वापरतो. एकट्यानेही जमते.

पायरी १: समोर येईल ते पाहणं बंद करा

सुरुवात प्रश्नापासून करा, चॅनेलपासून नको. 'आज काहीतरी विज्ञानाचं पाहू' म्हटलं की यूट्यूब जे पुढे ढकलेल तेच पाहिलं जातं. 'विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते', 'शिवणयंत्रात खालचा दोरा वरच्या दोऱ्यात कसा अडकतो' असा एखादा प्रश्न हातात असला की शोधायलाही नेमके शब्द मिळतात. वहीच्या शेवटच्या पानावर मी असे प्रश्न साठवते. गॅसवर दूध वर येतं, लिफ्ट थांबताना पोटात कसंतरी होतं, पावसाळ्यात दार फुगून घट्ट बसतं. एका आठवड्यात सहज दहा जमतात.

मग दोन बटणं बंद करा. एक ऑटोप्ले, म्हणजे व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणार नाही. दुसरं 'वॉच हिस्टरी': ती पुसून बंद केली की यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. नंतर लक्षात येतं की आपण काहीतरी शोधायला आलो होतो.

एका बैठकीला एकच व्हिडिओ घ्या. वीस मिनिटांचा असेल तर पाऊण तास हाताशी ठेवा.

पायरी २: उत्तराच्या आधी थांबा आणि अंदाज लिहा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते.

मुलर यांनी २०२१ साली एका गाडीवर व्हिडिओ केला. गाडीचं नाव 'ब्लॅकबर्ड'. इंजिन नाही, बॅटरी नाही. चाकं आणि वर एक भलामोठा पंखा. दावा असा की वारा ज्या दिशेने वाहतोय त्याच दिशेने सरळ जाताना ही गाडी वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जाते. ती रिक कॅव्हलारो यांनी बांधली, आणि २०१० साली तिने वाऱ्याच्या २.८ पट वेग नोंदवला.

इथे थांबा. वहीत तीन ओळी लिहा: हे शक्य आहे का? माझं कारण काय? माझं चुकत असेल तर कशाने सिद्ध होईल?

मी लिहिलं होतं: 'अशक्य. गाडी वाऱ्याच्या वेगाला पोचली की तिच्यासाठी वारा शून्य. मग पंखा फिरवणार कोण?' हे कारण मूर्खपणाचं मुळीच नाही. अमेरिकेतल्या यूसीएलएचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेन्को यांनाही दावा पटला नव्हता. मध्येच वारा पडला असेल, किंवा पंखा उंचावर असल्यामुळे त्याला जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा जोराचा वारा मिळत असेल, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांनी मुलर यांच्याशी दहा हजार डॉलरची पैज लावली, रीतसर करार करून. शेवटी पैज मुलर जिंकले.

गोम माझ्या शेवटच्या प्रश्नातच होती. पंख्याला वारा फिरवत नाही, चाकं फिरवतात. पंखा विमानाच्या पंख्यासारखा हवा मागे ढकलतो. आता आकडे घ्या. वारा ताशी २० किलोमीटर, गाडी २४. गाडीतून पाहिलं तर जमीन २४ च्या वेगाने मागे जाते आहे, आणि समोरून येणारी हवा फक्त ४ च्या. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. चाकांनी जमिनीकडून १ एकक बलाने ओढ घेतली तर २४ एकक शक्ती मिळाली. ती ४ च्या वेगाने येणाऱ्या हवेवर वापरली, तर घर्षण वगैरे नुकसान सोडून ६ एकक बल मिळू शकतं. चाकांनी मागे खेचलं १, पंख्याने पुढे ढकललं ६. नुकसानीत निम्मं गेलं तरी गाडी पुढेच जाणार. ऊर्जा फुकटची नाही. वारा आणि जमीन यांच्या वेगात फरक आहे तोवरच हे चालतं. वारा थांबला की गाडीही थांबते.

हे मी दोन ओळींत ऐकलं असतं तर मान डोलावून विसरले असते. 'पंखा फिरवणार कोण' हे माझ्या हाताने लिहिलेलं होतं म्हणून उत्तर नेमकं त्या जागी जाऊन बसलं.

तिसरी ओळ, म्हणजे 'चुकत असेल तर कशाने सिद्ध होईल', कधीही गाळू नका. आमच्यातली कॉलेजात शिकणारी मुलगी तिथे म्हणाली होती, 'घरात वारा नसताना ट्रेडमिलवर छोटी गाडी ठेवली तर?' सरकता पट्टा म्हणजे मागे जाणारी जमीन, स्थिर हवा म्हणजे वारा. गाडी पट्ट्यावर जागच्या जागी राहिली तर तिचा वेग वाऱ्याइतका. पुढे सरकली तर वाऱ्यापेक्षा जास्त. पैजेच्या व्हिडिओत झायला फॉक्सलिन यांनी बनवलेलं छोटं मॉडेल नेमकं ट्रेडमिलवर पुढे सरकताना दिसलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

पायरी ३: व्हिडिओचा वेग आपल्या हातात घ्या

मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा. यूट्यूबवर कीबोर्डवरच्या 'के'ने व्हिडिओ थांबतो, 'जे'ने १० सेकंद मागे, 'एल'ने १० सेकंद पुढे जातो. थांबवल्यावर पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते, स्वल्पविरामाने एकेक फ्रेम मागे. 'सी'ने सबटायटल्स येतात. वर्णनाच्या भागात 'ट्रान्स्क्रिप्ट' उघडला की सगळं बोलणं वेळेसकट लिहिलेलं मिळतं. एखादा शब्द नेमका कुठे आला ते तिथे चटकन सापडतं.

सबटायटल्स लावून पाहण्याची सवय कराच. क्वीन्सलंडच्या जंगलात अनवाणी चालून, मातीच्या भट्ट्या आणि कौलं बनवणारे जॉन प्लांट यांचं 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी' हे चॅनेल २०१५ पासून आहे. त्यात ते एक शब्दही बोलत नाहीत. कितीतरी लोक ते नुसतं शांत वाटतं म्हणून पाहतात. पण सबटायटल्स सुरू केली की प्रत्येक कृतीमागचं कारण लिहिलेलं दिसतं. तोच व्हिडिओ अचानक वर्ग होतो.

फ्रेमची कळ हे तर मोजण्याचं साधन आहे. तिच्यावर घरबसल्या चंद्राचं गुरुत्वाकर्षण मोजता येतं. असं करा:

अपोलो १५ या चांद्रमोहिमेतला हातोडा आणि पीस हा नासाचा व्हिडिओ यूट्यूबवर उघडा. २ ऑगस्ट १९७१. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांच्या एका हातात १.३२ किलोचा हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं ०.०३ किलोचं पीस. दोन्ही साधारण १.६ मीटर उंचीवरून एकदम सोडली. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे दोन्ही बरोबरच जमिनीवर पोचली.

हात सुटण्याच्या फ्रेमवर थांबा. पूर्णविरामाची कळ दाबत, जमिनीला टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. व्हिडिओवर राइट-क्लिक करून तांत्रिक माहितीची खिडकी उघडली की रिझोल्यूशनपुढे सेकंदाला किती फ्रेम आहेत तो आकडा दिसतो. समजा ३० आहे आणि तुम्ही ४२ मोजल्या, तर वेळ १.४ सेकंद. आता उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ३.२ भागिले १.९६, म्हणजे सुमारे १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवर हाच आकडा ९.८ असतो, म्हणजे चंद्रावर त्याचा सहावा हिस्सा.

चित्र धूसर आहे, त्यामुळे तुमच्या मोजणीत दोन-चार फ्रेमचा फरक येईल. तीनदा मोजून सरासरी घ्या. १.४ च्या जागी १.३ सेकंद धरून पुन्हा भागाकार करा, म्हणजे वेळेतल्या बारीक चुकीने उत्तर किती हलतं तेही दिसेल. चंद्राबद्दलचा एक आकडा मी पाठ न करता मोजून मिळवला, तो दिवस मला आजही आठवतो.

पायरी ४: वाद असेल तिथे दोन्ही बाजू पाहा

एकच व्हिडिओ पाहून मत बनवू नका, हे सगळेच सांगतात. करायचं कसं, ते एका खऱ्या वादावरून पाहू.

नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हेरिटॅसियमवर विजेचं एक कोडं आलं. बॅटरी, स्विच आणि दिवा. दिवा बॅटरीपासून फक्त एक मीटरवर, पण दोन्ही बाजूंच्या तारा तीन-तीन लाख किलोमीटर लांबीच्या, दूर जाऊन परत आलेल्या. स्विच दाबल्यावर दिवा किती वेळाने लागेल? प्रकाशालासुद्धा एका तारेच्या टोकापर्यंत जायला एक सेकंद लागतो. मुलर यांचं उत्तर: सेकंदाच्या साधारण तीन अब्जांशात. कारण ऊर्जा तारेच्या आत नळातल्या पाण्यासारखी वाहत नाही. तारांभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाते, आणि एक मीटरचं अंतर ही क्षेत्रं थेट पार करतात.

अनेक इंजिनिअरांनी जाहीर आक्षेप घेतले. त्या पहिल्या क्षणी येणारा प्रवाह अगदी क्षीण असणार, त्याला 'दिवा लागला' म्हणायचं का? ब्रायन हायडेट यांनी आपल्या 'अल्फाफिनिक्स' चॅनेलसाठी खरोखर एक किलोमीटर तार आणली, मांडणी केली आणि ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेतले क्षणाक्षणाचे बदल पडद्यावर दाखवणारं उपकरण, लावला. दिसलं ते असं: दिव्याच्या जागी प्रवाह जवळपास लगेच येतो, पण थोडाच; पूर्ण प्रवाह तारेतून संदेश फिरून आल्यावर येतो. एप्रिल २०२२ मध्ये मुलर यांनी पुन्हा व्हिडिओ केला, स्वतः प्रयोग केला आणि पहिल्या मांडणीत काय कमी पडलं होतं ते सांगितलं.

हे तीन व्हिडिओ याच क्रमाने पाहा, आणि प्रत्येकानंतर वहीत एकच वाक्य लिहा: 'आता माझ्या मते दिवा ... इतक्या वेळाने लागतो, कारण ...' शाळेत वीज शिकताना मला इतकं कधी मिळालं नव्हतं. दोन जाणकार माणसं एकाच तारेकडे पाहून वेगळं बोलतात, मग कुणीतरी मोजतो, आणि दोघांच्याही बोलण्यातलं खरं वेगळं होतं. दुसऱ्या कुठल्याही विषयावर हेच करता येईल. निर्मात्याने खाली पिन केलेली दुरुस्ती वाचा, आणि व्हिडिओच्या नावाबरोबर 'रिस्पॉन्स' हा शब्द टाकून शोधा.

पायरी ५: हाताने करून पाहा

व्हिडिओत कापाकापी असते. जिथे हात अडतो नेमका तोच भाग तीन सेकंदांत संपतो. म्हणून करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत, हे मराठी माणसाला अरविंद गुप्ता यांच्याइतकं कुणी दाखवलं नसेल. १९७५ साली आयआयटी कानपूरमधून ते इंजिनिअर झाले, पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या यांची जोडणी त्यांना सुचली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेकडो खेळण्यांचे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यातल्या सेफ्टी पिनच्या मोटरपासून सुरुवात करा. लागतं एवढंच: एक साधा दीड व्होल्टचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकल ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि सुमारे एक मीटर वाइंडिंग वायर. ही वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते; तुकडा मागितला तर बरेचदा पैसेही घेत नाहीत.

वायरचे सेलभोवती दहा वेढे घ्या, वेटोळं काढा, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवा. पिना रबराने सेलच्या दोन टोकांना उभ्या बांधा. चुंबक सेलवर ठेवा. वेटोळ्याची टोकं पिनांच्या छिद्रांत अडकवा. आता खरी मेख. वायरवर लाखेसारखा लेप असतो आणि त्यातून वीज जात नाही. एका टोकाचा लेप पॉलिश पेपरने सगळीकडून घासून काढायचा. दुसऱ्या टोकाचा मात्र एका बाजूचा तसाच राहू द्यायचा.

घासण्याआधी वही. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर काय होईल?

मी पहिल्यांदा दोन्ही घासली होती. वेटोळं एक हिसका देऊन आडवं झालं आणि थरथरत तिथेच राहिलं. अर्धा फेरा चुंबक त्याला पुढे ढकलतं, उरलेला अर्धा फेरा मागे. एका टोकावर लेपाची पट्टी ठेवली की उलट्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळं आलेल्या वेगाने पुढे जातं. पंप, मिक्सर, शिलाई मशीनच्या मोटरमध्ये हीच उलटापालट कॉम्युटेटर नावाचा भाग किंवा आलटता वीजप्रवाह सांभाळतो. फिरवून पाहिलं की लगेच सोडा, कारण सेल आणि पिना तापतात. मोबाइल किंवा पॉवर बँकमधला लिथियमचा सेल इथे कधीच वापरू नका.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावायला सांगणारा कोणताही व्हिडिओ करून पाहू नका. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ दिसायला फार देखणे असतात. त्यात जगभर अनेकांचे जीव गेले आहेत, हाताने काम करणाऱ्या जाणत्या माणसांचेसुद्धा.

पायरी ६: शेजारचा जाणकार बोलवा

लाकूड, धातू, माती, कापड यांच्या निर्मितीचे व्हिडिओ पाहताना अंदाज लिहिण्यापेक्षा एक जाणता माणूस शेजारी असणं जास्त मोलाचं. आमच्याकडे शेजारचे काका येतात. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. त्यांना इंग्रजी बोलणं फारसं कळत नाही, म्हणून पहिल्या शुक्रवारी ते नको म्हणत होते.

त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या 'क्लिकस्प्रिंग' चॅनेलचा अँटिकिथेरा यंत्राचा भाग लावला होता. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजात १९०१ साली सापडलेलं हे कांस्याचं दंतचक्रांचं यंत्र दोन हजार वर्षांहून जुनं आहे. त्यातली तीस दंतचक्रं आज उरली आहेत, आणि सूर्य, चंद्र, ग्रहणं यांचा हिशोब ते करत असे. क्लिकस्प्रिंगचा कारागीर त्याची प्रतिकृती घडवतोय, आणि काही भागांत तर त्या काळी असू शकतील अशीच हत्यारं आधी स्वतः बनवून.

पाच मिनिटांत काकांनी हात वर केला. 'अगं, थांबव जरा. मागे घे. पाहिलंस का, कानस पुढे नेताना दाबतोय आणि परत आणताना उचलतोय. कानस पुढे जातानाच कापते. मागे घासली की धार मरते. नव्या पोराला हे शिकवायला आम्हाला महिना लागायचा.' त्या रात्री आम्ही बारा मिनिटांचा व्हिडिओ दीड तास पाहिला. कडा मारून घेणं, आधी खूण करून मग ड्रिल धरणं, पितळ कापताना येणारा आवाज. मला जे नुसतं सुंदर दिसत होतं त्यातलं प्रत्येक हालणं काकांना वाचता येत होतं.

गंमत म्हणजे या घडवण्यातूनच संशोधन निघालं. यंत्राच्या दर्शनी बाजूला एका कड्याखाली बारीक छिद्रांचं वर्तुळ आहे. कडं तुटलेलं असल्यामुळे सगळी छिद्रं मोजता येत नाहीत. ती वर्षाच्या दिवसांची ३६५ असणार, असं मानलं जात होतं. क्लिकस्प्रिंगचे क्रिस बुडिसेलिक आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या प्रतिमांवरून छिद्रांची अंतरं मोजली आणि २०२० मध्ये मांडलं की ती ३५४ असावीत. २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासलं, तेव्हाही कौल ३५४ च्याच बाजूने आला.

३५४ म्हणताच काका म्हणाले, 'हे तर आपलं चांद्रवर्ष.' बरोबर. साडेएकोणतीस दिवसांचे बारा महिने. सौरवर्षाशी मेळ घालायला आपण अधिक महिना धरतो. यंत्राच्या मागच्या बाजूला १९ वर्षांत २३५ महिन्यांचं चक्र आहे. १९ ला १२ ने गुणा, २२८ येतात. उरलेले सात म्हणजे सात अधिक महिने. दिनदर्शिकेत 'अधिक' हा शब्द लहानपणापासून पाहिला होता. त्याचं दंतचक्र होऊ शकतं हे त्या रात्री दिसलं.

तुमच्याकडे टर्नर नसेल, तर शिवणकाम करणाऱ्या मावशी असतील, गवंडी असेल, शेतीपंप दुरुस्त करणारा असेल. त्यांच्या कामाचा व्हिडिओ लावा आणि रिमोट त्यांच्याच हातात द्या.

खोटे व्हिडिओ चटकन कसे ओळखावेत

पंख्याला चुंबक लावून फुकट वीज, पाण्यावर चालणारी गाडी, कधीच न थांबणारं चाक: या सगळ्यांना एकच प्रश्न पुरतो. ऊर्जा कुठून आली? ब्लॅकबर्डच्या बाबतीत उत्तर होतं, वाऱ्यातून. इथे उत्तर मिळत नाही. शिवाय पाहा, नेमक्या क्षणी कॅमेरा कट होतो का, टेबलाखालची बाजू दाखवतात का, आणि फसलेले प्रयत्न दाखवतात का. खरं बनवणारा माणूस काय फसलं ते सांगतोच.

शब्द मराठीत लिहा

पाहून झाल्यावर पाच ओळींचं टिपण मराठीत लिहा, भले व्हिडिओ इंग्रजी असो. आपोआप भाषांतर झालेल्या मराठी सबटायटल्सवर विसंबू नका. त्यात बल, शक्ती आणि ऊर्जा एकमेकांच्या जागी येऊन बसतात. आपल्या शालेय पुस्तकांतल्या संज्ञा नेमक्या आहेत: चाल आणि वेग वेगळे, बल आणि शक्ती वेगळे. वरचं गाडीचं गणित 'शक्ती म्हणजे बल गुणिले वेग' हे मराठीत लिहिल्यावरच मला सुटलं होतं. नववी-दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतं. शेजारी उघडून ठेवा.

एखादा विषय खोल धरावासा वाटला तर वीस मिनिटांचे व्हिडिओ पुरत नाहीत. मग आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. गणिताची भीती असेल तर आधी ग्रँट सँडरसन यांच्या 'थ्रीब्लूवनब्राउन'वरची रेषीय बीजगणिताची मालिका पाहा. सूत्रांच्या आधी ते चित्रं हलवून दाखवतात.

पहिल्या शुक्रवारसाठी

एक स्लिंकी आणा, जिन्यावरून उतरणारी ती स्प्रिंग. खेळण्यांच्या दुकानात मिळते. वरचं टोक हातात धरून ती उभी लोंबकळत सोडा आणि पूर्ण स्थिर होऊ द्या. मग वरचं टोक सोडायचंय. सोडल्याच्या क्षणी खालचं टोक कुठे जाईल: खाली, वर, की आणखी कुठे? तीन ओळी लिहा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रित करा आणि फ्रेम-फ्रेमने पाहा. व्हेरिटॅसियमवर याचा व्हिडिओ आहे, पण तो तुमचं लिहून आणि सोडून झाल्यावर.